पिल्लू मध्येच लंगडी घालतं आणि पुन्हा नीट पळतं. गुडघ्याची वाटी सरकणं म्हणजे नक्की काय?

निळी_छत्री

आमच्याकडे ७ महिन्यांचं पोमेरेनियन पिल्लू आहे, बटण. वजन २.६ किलो. दोनेक महिन्यांपासून एक गंमत बघतोय, म्हणजे आधी गंमतच वाटायची. पळता पळता मागचा डावा पाय अचानक वर घेतो, तीन-चार पावलं तीन पायांवर टुणटुणतो, मग तो पाय मागे झटकतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे धावतो. ओरडत नाही, कण्हत नाही, पायाला हात लावू देतो. घरात सगळे म्हणायचे, नाटकी आहे नुसता. मुलगी तर हाक मारायची 'लंगडी चॅम्पियन'.

लसीच्या वेळी डॉक्टरांनी पाय चाचपला आणि म्हणाले, "वाटी सरकतेय. दोन्ही पायांचं ऑपरेशन करून टाकू, लहानपणीच झालेलं बरं." घाबरून दुसरीकडे नेलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "या जातीत असतंच, लक्ष देऊ नका." एक म्हणतो आत्ता कापा, दुसरा म्हणतो विसरा. यातून कोणी गेलंय का?

अर्धविराम

गेलेय. आमची टिकली, चिवावा, आता ९ वर्षांची.

तो मागे मारलेला झटका आहे ना, तीच खूण. वाटी बाजूला सरकली की गुडघा अडकल्यासारखा होतो, म्हणून पाय वर. पाय मागे सरळ ताणला की वाटी पुन्हा जागेवर येते. म्हणजे नाटक नाही, तो आपली वाटी आपणच बसवतोय. टिकलीला हे इतकं जमायचं की आम्हाला कळेपर्यंत दीड वर्ष गेलं.

दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायला हवा होता: ग्रेड किती, म्हणजे वाटी किती निसटते? ग्रेड न सांगता "कापा" म्हणणारा आणि ग्रेड न बघता "विसरा" म्हणणारा, दोघांनी तुम्हाला अर्धंच उत्तर दिलंय.

तिरकस

धाग्यावर आलोच आहे तर एक कबुली देऊन टाकतो. आमच्या पगचा गुडघा म्हणून मी तब्बल तीन महिने भलत्याच सांध्याला मालिश करत होतो. मागच्या पायाचा जो सांधा मागच्या बाजूला टोक काढून दिसतो, तो गुडघा नव्हेच, ती टाच! गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या जवळ, केसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. डॉक्टरांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं तेव्हा कळलं. कुत्रा तीन महिने खूश होता, एवढंच काय ते फलित.

जुनाट

मी पशुवैद्यक आहे, बरीच वर्षं छोट्या प्राण्यांचंच काम केलंय. बटणला हात न लावता निदान करणार नाही, पण प्रकार समजावून सांगतो.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढच्या बाजूने एक खोबण असते. वाटी त्या खोबणीत वरखाली सरकते. वाटीच्या वर मांडीचा मोठा स्नायू, वाटीच्या खाली एक जाड पट्टा आणि तो पट्टा नडगीच्या हाडावरच्या उंचवट्याला घट्ट बांधलेला. स्नायू, वाटी, पट्टा, उंचवटा हे सगळं एका ओळीत हवं. सरकत्या खिडकीसारखं समजा. चौकटच तिरकी बसली असेल तर तावदान रुळावरून उतरणारच. तावदान कितीही वेळा उचलून बसवा.

छोट्या जातींत ही ओळ बहुधा आतल्या बाजूला झुकलेली असते, म्हणून वाटीही आत, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते. पोमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल, माल्टीज ही नेहमीची मंडळी. निम्म्याच्या आसपास कुत्र्यांत दोन्ही पायांना असतं, फक्त एक पाय जास्त बोलतो. बाहेरच्या बाजूला सरकणंही असतं, पण कमी, आणि ते मोठ्या जातींत तुलनेने अधिक दिसतं.

लोक म्हणतात खोबण उथळ म्हणून वाटी सरकते. खरं आहे, पण उलटंही तितकंच खरं. वाढत्या वयात वाटी खोबणीत दाबून बसलेली असते, त्या दाबानेच खोबण खोल होत जाते. वाटी पहिल्यापासून बाजूलाच राहिली तर खोबणीला खोल व्हायला कारणच मिळत नाही. म्हणून हा पडल्या-झडल्याचा आजार क्वचितच असतो. पिल्लू सोफ्यावरून पडलं त्या दिवशी तुमच्या लक्षात आलं, इतकंच. अपघाताने वाटी निखळते, नाही असं नाही, पण तेव्हा सूज असते आणि कुत्रं हात लावू देत नाही.

आता ग्रेड. पहिल्या ग्रेडमध्ये बोटाने ढकलली तर वाटी खोबणीबाहेर जाते, सोडली की आपली आपण परत. दुसऱ्यात चालता-पळता स्वतःहून निसटते आणि पाय ताणला किंवा हाताने बसवली की परत येते. मधूनमधून लंगडी घालणारी बहुतेक कुत्री इथली. तिसऱ्यात वाटी बहुतेक वेळ बाहेरच, बसवली तर बसते पण पुन्हा निसटते. चौथ्यात कायमची बाहेर, बसवताच येत नाही. अशी पिल्लं मागून दबून, गुडघे अर्धवट वाकवून चालतात आणि चालायला लागल्यापासूनच वेगळी दिसतात. त्यांना थांबवून ठेवायचं नसतं, कारण वाढीबरोबर हाडं आणखी पिळवटत जातात.

तुम्ही लिहिलंय त्यावरून डावा पाय दुसऱ्या ग्रेडचा वाटतो. वाटतो, बरं का.

निळी_छत्री

डॉक्टर, तुम्ही इतकं फोड करून सांगितलंत, आभार. एक विचारू का? एक्स-रे काढला तर एकदाच काय ते कळेल ना? पहिल्यांनी न काढताच सांगितलं म्हणून मला शंका आली.

जुनाट

उलट आहे. वाटीचं निदान हाताने होतं. एक्स-रे काढला त्या क्षणी वाटी जागेवर असेल तर फोटो अगदी साळसूद येतो. एक्स-रे लागतो तो हाडांचा बाक, सांध्याची झीज आणि खुबा बघायला, आणि ऑपरेशन ठरलं तर आखणीला.

तपासणी नीट कशी असते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी ओळखता येईल. आधी कुत्र्याला चालवून आणि पळवून बघतात. मग उभ्याने दोन्ही गुडघे एकदम चाचपतात. मग कुशीवर निजवून, पाय सरळ करून, नडगी किंचित आत फिरवून वाटी ढकलून बघतात, आणि परत बसते का ते बघतात. घाबरलेलं कुत्रं स्नायू ताठ करतं, तेव्हा ग्रेड कमी भरू शकते. दोन डॉक्टरांत एका ग्रेडचा फरक पडला तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका. आणि घरचा व्हिडिओ न्या. दवाखान्यात शिरलं की लंगडणारं कुत्रं सरळ चालतं, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव.

हौशी_पालक

आमच्या शिह त्झूला सांध्यांची पावडर सुरू केली, महिन्यात लंगडणं बंद. ऑपरेशनच्या फंदात पडू नका. गुडघ्याला बांधायचा पट्टाही मिळतो. आणि फारच दुखत असेल तर आपल्याच डोकेदुखीच्या गोळीचा चतकोर तुकडा द्या, आम्ही देतो.

अर्धविराम

गोळीचं वाक्य कृपा करून खोडा. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करतं, मूत्रपिंड निकामी करू शकतं, आणि दोन-अडीच किलोच्या कुत्र्याला चतकोर तुकडाही लहान नसतो. पॅरासिटामॉल मनाने दिलं तर यकृताला आणि रक्ताला अपाय होतो. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, ती वजनावर मोजून डॉक्टरच देतात.

जुनाट

अनुमोदन, आणि जोरात.

पावडरबद्दल: ग्लुकोसामिनने निसटणारी वाटी जागेवर राहत नाही. ती हाडाच्या रचनेची गोष्ट आहे, पावडर चौकट सरळ करत नाही. झिजलेल्या सांध्यासाठी ओमेगा-३ ला त्यातल्या त्यात बरा आधार आहे. दुसऱ्या ग्रेडचं लंगडणं आपोआप कमी-जास्त होतच असतं, त्यामुळे जे काही त्या महिन्यात सुरू केलं त्याला श्रेय मिळतं. पट्ट्याचंही तेच. एवढ्याशा, शंकूसारख्या मांडीवर तो टिकत नाही, घसरून टाचेवर येतो आणि कातडी सोलतो.

हौशी_पालक

गोळीचं माहीत नव्हतं, यापुढे देणार नाही. पावडर मात्र चालू ठेवीन, तिला चव आवडते.

खारूताई

जरा वेगळा अनुभव, कारण आमच्याकडे वाटी नव्हतीच.

टॉय पूडल, ८ महिन्यांचा. मागचा उजवा पाय लंगडत होता. एका ठिकाणी उभ्या उभ्या बघून सांगितलं, छोटी जात, वाटीच असणार, वजन वाढू देऊ नका. आम्ही सहा आठवडे वाट बघितली. पण याचं लंगडणं बटणसारखं येऊन-जाऊन नव्हतं. रोज, सतत, आणि हळूहळू वाढणारं. पाय मागे ओढला की मान वळवून चावायला यायचा. एक दिवस आंघोळ घालताना केस ओले झाले आणि दोन्ही मांड्या शेजारी शेजारी दिसल्या. एक भरलेली, दुसरी काडीसारखी. पोटात गोळा आला.

दुसरीकडे एक्स-रे काढला. खुब्यातला मांडीच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठा तुटून ढासळला होता. पर्थेस म्हणतात, लहान मुलांनाही होतो. छोट्या जातींच्या पिल्लांत साधारण ५ ते ११ महिन्यांच्या दरम्यान दिसतो. तो गोळा कापून काढला, आता तिथे स्नायूंचाच आधार आहे, आणि पळतो मस्त. पण ते सहा आठवडे मला अजून टोचतात.

तेव्हा बटणच्या मांड्या हाताने मोजून बघा, दोन्ही सारख्या आहेत का.

निळी_छत्री

वाचून लगेच मोजल्या. शिंप्याची टेप लावली, बटणने टेप चावली. दोन्ही सारख्याच वाटतात. हुश्श.

रानवारा

आता ऑपरेशन केलेल्यांची बाजू. आमची गोटी, यॉर्कशायर टेरियर, डावा तिसरा ग्रेड, उजवा दुसरा. दीड वर्षाची असताना डावा केला. विचार फार केला नाही, कारण ती त्या पायावर भार टाकेनाशी झाली होती.

सर्जननी कागदावर काढून दाखवलं होतं. खोबणीतला हाडाचा तुकडा वरच्या कूर्चेसकट उचलायचा, खालचं थोडं हाड काढायचं, तुकडा परत ठेवायचा, म्हणजे खोबण खोल होते आणि गुळगुळीत पृष्ठभागही शाबूत राहतो. मग नडगीवरचा तो उंचवटा कापून थोडा बाहेर सरकवायचा आणि बारीक तारांनी टोचून पक्का करायचा, म्हणजे ओळ सरळ. आतल्या बाजूचं ताणलेलं सैल करायचं, बाहेरच्या बाजूचं सैल झालेलं आवळायचं. मी विचारलं, नुसती खोबण खोल केली तर? म्हणाले, ओळ वाकडीच राहिली तर वाटी पुन्हा निसटेल. वर खिडकीचं उदाहरण वाचलं तेव्हा तेच आठवलं.

ऑपरेशन एका दिवसाचं, खरं काम पुढचे आठ आठवडे. क्रेट, म्हणजे छोटा पिंजरा. शू-शीला बाहेर न्यायचं तेही पट्ट्याला बांधून, पोटाखालून टॉवेलची झोळी धरून. पहिले तीन दिवस पाय हवेत. चौथ्या दिवशी उभी असताना तिने नुसती नखं जमिनीला टेकवली, परत उचलली, परत टेकवली. मी गुडघ्यावर बसून श्वास रोखून बघत होते. दहाव्या दिवसापर्यंत चालू लागली, आणि तिथून पुढे अवघड झालं! कारण तिला बरं वाटत होतं आणि हाड जुळलेलं नव्हतं. दारावर कोणी आलं की क्रेटमध्येच उड्या. सहाव्या आठवड्यात मी रडकुंडीला आले होते. आठव्या आठवड्यात एक्स-रे, हाड जुळलेलं, हळूहळू मोकळीक.

सगळं गोड झालं असंही नाही. पाच महिन्यांनी एका तारेचं टोक कातडीखाली टोचायला लागलं, ती काढावी लागली. छोटी भूल, छोटी चीर. हे होऊ शकतं असं आधी सांगितलेलं होतं, म्हणून घाबरले नाही. वाटी पुन्हा निसटणं, उंचवटा उपटून येणं हेही धोके असतात. विचारून घ्या, आणि सर्जन अशी ऑपरेशनं नेहमी करतात का तेही विचारा. उजवा पाय अजून तसाच आहे, काही करत नाही.

पिल्लांची_माई

मी छोट्या जातींची पिल्लं वाढवते. कोणी वाईट मानू नका, पण वाटी थोडीफार सगळ्यांचीच हलते. लोक घरात घसरड्या फरशीवर पळवतात आणि मग दोष आमच्यावर.

तिरकस

माई, "सगळ्यांचीच हलते" हे आईबापांची तपासणी करून म्हणताय की न करता?

पिल्लांची_माई

माझ्याकडे कधीच कोणी लंगडत नव्हतं.

जुनाट

माई, राग नको. पहिल्या-दुसऱ्या ग्रेडची कित्येक कुत्री आयुष्यभर मालकाला काही दिसू देत नाहीत. म्हणून न लंगडणं हा पुरावा नाही, चाचपणं हा पुरावा. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था वाटीचा दाखला देते तो कुत्रं १२ महिन्यांचं झाल्यावरच. म्हणजे पहिल्या वर्षाच्या आत जोडी लावून "आईबाप निर्दोष" म्हणण्यात अर्थ नाही. हे एका जनुकाचं काम नाही, निर्दोष जोडीलाही सदोष पिल्लू होतं. पण सरकत्या वाटीच्या कुत्र्याची वीण काढायची नाही, एवढं तर आपल्या हातात आहे. फरशीने वाटी सरकत नाही, सरकलेल्या वाटीला फरशी त्रास देते.

निळी_छत्री

तिसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, व्हिडिओ घेऊन. त्यांनी आधी अंगणात पळवलं, मग उभ्याने, मग निजवून, तुम्ही लिहिलंत तसंच अगदी. डावा दुसरा ग्रेड, उजवा पहिला. खुबे ठीक. मला बोट ठेवून दाखवलं. छोट्या मण्याएवढी वाटी बोटाखालून टुक्‌ करून आत गेली, पाय ताणल्यावर परत टुक्‌. आवाज नाही, नुसतं बोटाला कळतं. मला कसंतरी झालं, बटण जांभई देत होता.

म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको. वाढ पूर्ण व्हायची आहे, दिवसातून एक-दोनदाच होतंय, दुखत नाहीये. वर्षाचा झाला की पुन्हा तपासू. रोज किती वेळा लंगडी घातली ते वहीत मांडायला सांगितलंय. मुलीने ते काम घेतलंय. आणि घरी वाटी ढकलून बघू नका असं दोनदा बजावलं, बहुतेक माझा चेहरा बघून.

अर्धविराम

छान झालं. घरच्या गोष्टींपैकी आम्हाला ज्याचा उपयोग झाला ते: पंजाच्या गादीमधले केस कापणं (पोमचे फार वाढतात, बर्फावर चालल्यासारखं होतं त्यांना), नखं छोटी ठेवणं, त्याच्या धावपट्टीवर जाड सतरंजी, आणि वजन. बोटांना बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. पोममध्ये केसांमुळे डोळ्यांना काही कळत नाही, हातानेच बघायचं. चालणं बंद करू नका. मांडीचा स्नायू सुकला तर सगळंच बिघडतं. पट्ट्याला बांधून चढावर सावकाश चालवणं सगळ्यात चांगलं.

आणि एक गोष्ट सांगायची टाळत होते. टिकली आठ वर्षं दुसऱ्या ग्रेडवर आरामात राहिली. मग एक दिवस पाय उचलला तो खाली ठेवलाच नाही. झटका नाही, काही नाही. मी नेहमीचंच समजून दोन दिवस घालवले. गुडघ्यातलं क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना बांधून ठेवणारा दोर, तुटलं होतं. शेवटी ऑपरेशन झालंच, दोन्ही गोष्टींचं एकदम. आधीच केलं असतं तर टळलं असतं का? डॉक्टर म्हणाले, छातीठोक सांगता येणार नाही.

जुनाट

नाहीच सांगता येत. वाटी सरकणाऱ्या कुत्र्यांत उतारवयात ते लिगामेंट तुटलेलं बऱ्याचदा दिसतं, पण दुसऱ्या ग्रेडच्या प्रत्येक पिल्लाला त्या भीतीने कापणंही बरोबर नाही. अर्धविरामताईंनी जो फरक सांगितला तो मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: येऊन-जाऊन लंगडणारा पाय एकदम कायमचा वर राहिला, तर तो जुना आजार नव्हे, नवीन काहीतरी झालंय. त्याच दिवशी दाखवायचं.

बाकी निर्णय बदलायचा कधी? लंगडीची संख्या महिन्यागणिक चढायला लागली, मांडी बारीक झाली, किंवा उड्या मारणारं कुत्रं उड्या टाळायला लागलं तर. ग्रेडच्या आकड्याबरोबर कुत्र्याकडेही बघायचं.

निळी_छत्री

पाच महिन्यांनी वर आणतोय धागा. बटण परवा वर्षाचा झाला, वजन ३ किलो, बरगड्या लागतात. डावा दुसराच, उजवा पहिलाच. वहीत पहिल्या महिन्यात ४१ लंगड्या होत्या, मागच्या महिन्यात २७. मुलीने मध्ये चार दिवस मांडलंच नव्हतं हे आत्ता कळलं, म्हणजे ३० धरू. सोफ्यासाठी पायऱ्या आणल्यात. चढताना वापरतो, उतरताना अजूनही उडीच मारतो. ती सवय मोडायचा कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

तिरकस

सोफा काढून टाका. आम्ही तेच केलं. आता पग आणि मी दोघंही गादीवर खाली बसतो, आणि उठताना आवाज माझ्या गुडघ्यांचा येतो.